हातच्यावाचून

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक; एकेक पायरी चढत नवापर्यंत जातात आणि तशाच पायऱ्यांनी उतरतात. ही संख्या कुणी बसून रचलेली नाही. नऊ एक ओळीने लिहावेत, १११११११११, आणि त्या संख्येला तिनेच गुणावं, की ही समोर येते.

गुणाकार मात्र हाताने मांडून करावा. कॅल्क्युलेटर उत्तर देतो, पण खरं सुख मांडणीत आहे. तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. मग उभ्या रकान्यांची बेरीज. उजव्या टोकाला एकटा एक, शेजारी दोन, मग तीन. मधल्या रकान्यात सगळ्या नऊ ओळी एकत्र येतात आणि पुढे एकेक ओळ गळत जाते. कुठेही हातचा येत नाही! या संख्येचं सौंदर्य मला इथेच दिसतं. तिचा प्रत्येक अंक त्या घरात किती जण जमले ते जसंच्या तसं सांगतो.

दहावा एक जोडला की मधे दहा होतात. शून्य मांडून हातचा शेजारच्या नवाला दिला, तर त्याचेही दहा. त्याचा हातचा आठाकडे, आठाचे नऊ. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवा उतार शाबूत, डाव्या चढावरून आठ नाहीसा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. आपल्या संख्येचा पहिला अंक सतराव्या, 'मध्य' नावाच्या स्थानी बसतो. बिघडलेली एकोणीस अंकी संख्या परार्धही ओलांडून जाते. योगायोगच हा, पण मला फार प्रिय.

अशा संख्यांना डेम्लो हे नाव द. रा. कापरेकरांनी दिलं. डेम्लो म्हणजे आताचं डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांच्या मनात आला तो तिथल्या रेल्वे स्थानकावर. १९३० ते १९६२ देवळालीत मुलांना शिकवणाऱ्या या मास्तरांचं नाव ६१७४ मुळे जगभर गेलं. माझा जीव मात्र डेम्लोंवर आहे.

चढउताराची ही नक्षी आपल्या दशमान लेखनाची देणगी. आठाच्या पद्धतीत ती सातावरच थांबली असती. संख्येचे अवयव मात्र कशाही पद्धतीने लिहिले तरी तेच राहतात. ३३३६६७ ही अविभाज्य संख्या. तिची तिप्पट १००१००१, आणि तिला १११ ने गुणलं की नऊ एक. १११ म्हणजे तीन गुणिले ३७. म्हणून वर्गात तीन चारदा येतो, ३७ आणि ३३३६६७ दोनदा.

चार तिनांचा गुणाकार ८१. आता संख्येतल्या सतरा अंकांची बेरीज करा, तीही ८१. त्या मांडणीत एकूण एक तेवढेच होते. आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना हर्षद म्हणणारेही कापरेकरच. भागून पाहिलं तर उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही पूर्ण वर्ग निघतो, १२३४५६७९ चा. यातही आठ नाही, आणि याला नवाने गुणलं की पुन्हा नऊ एक.