एक पान द्याल का?

पेठेतली एक गच्ची, त्रेसष्ट कुंड्या आणि बिल्डरने दिलेली तारीख. तिथून सुरू झालेली भटकंती पोचली थेट शिवनेरीच्या कड्यापाशी!

दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस पुण्यात एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं. ट्रॅफिक, पार्किंगची मारामारी, गुलाबांच्या रांगेपुढे सेल्फी काढणारी कपल्स... हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. पण बॉस, खरी गंमत असते बाहेर, चहाच्या गाडीपाशी. खांद्याला कापडी पिशव्या लावलेली पाच-सात माणसं तिथे घोळका करून उभी असतात. पिशव्यांतून वर्तमानपत्राच्या पुड्या निघतात. पुडीत कधी कोरफडीचं पिल्लू, कधी घायपाताचा कोंब, कधी नुसतंच एक जाडजूड पान. ‘‘हे तुमच्याकडे नाहीये ना? मग घ्या. आणि ते लाल काठाचं फुटलं की मला द्या.’’ संपला व्यवहार! चुकून कुणी पाकीट काढलंच, तर समोरचा असा चेहरा करतो की जणू पंगतीत जेवून झाल्यावर पाहुण्याने बिल विचारलंय.

या घोळक्यात बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, कॉलेजात बॉटनी शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, हिंजवडीत नाइट शिफ्ट करणारी एक आयटीवाली आहे. सगळ्यांना वेड एकच, सक्युलंट्सचं. म्हणजे पानात, खोडात पाणी साठवून ठेवणारी, आठ दिवस विसरलात तरी न रुसणारी झाडं. (माझ्यासारख्या डेडलाइनवर जगणाऱ्या प्राण्याला याहून योग्य पाळीव काही असूच शकत नाही.) आणि या सगळ्यांच्या मध्ये असतात काकू. वय चौऱ्याहत्तर, शाळेतून निवृत्त, मुक्काम सदाशिव पेठ. ‘‘नुसतं लिहू नकोस, गच्चीवर ये,’’ असा त्यांचा हुकूम झाला आणि मी गेले.

चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, शेवटच्या जिन्याला कठडाही अर्धाच. आणि वर पोचल्यावर त्रेसष्ट कुंड्या! कुंड्या तरी कसं म्हणू? तेलाचे डबे, रंगाचे डबे, तळ फुटलेला माठ, कान तुटलेली बादली. प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं झाडांची नावं असतील. जवळ जाऊन वाचलं, तर ‘मिरज, भाचेसून’, ‘दादर, १९७८’, ‘तळमजला, शेजारीण’. झाडाचं नाव कुठेच नाही. ज्याने दिलं त्याचं नाव!

सगळ्यात जुना डबा कोपऱ्यात. त्यावर लिहिलंय, ‘वन्सं, सांगली, १९६१’. आत ब्रह्मकमळ.

तुमच्या आजीच्या घरी हे होतंच, हो ना? चपटी, लांब, कडेला खाचा पडलेली पानं, एरवी दिसायला अगदीच सुमार. आणि मग पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री आठ-नऊ वाजता कळी हलायला लागते, मध्यरात्रीपर्यंत ताटलीएवढं पांढरं फूल उमलतं, सकाळी मान टाकतं. फूल येणार म्हटलं की आळीभर निरोप जायचा, दूध आटवलं जायचं, कुणीतरी उदबत्ती लावायचं. त्याचा एक भन्नाट भाग असा की, हे ब्रह्मकमळ नाहीच! खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर उगवतं, ते उत्तराखंडाचं राज्यपुष्प आहे. आपल्या गच्चीवरचं हे चक्क निवडुंग आहे, मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. आणि ज्याला आपण पान म्हणतो तेही पान नाही, ते चपटं झालेलं खोड. म्हणूनच तर एका तुकड्यातून अख्खं झाड उभं राहतं. खाचेखाचेत डोळे असतात.

सासूबाईंनी हे नारायण पेठेतल्या वाड्यात लावलं होतं. त्यातलं एक पान त्यांच्या नणंदेने मागून सांगलीला नेलं. दिलं आणि विसरल्या. मग १२ जुलै १९६१ उजाडला. पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधून पाणी घुसलं. वाड्याची मागची भिंत गेली, भांडी गेली, कुंड्या तर कुठच्या कुठे गेल्या. दिवाळीच्या सुमारास सांगलीहून नणंदबाई आल्या, त्या बरोबर फराळाचा डबा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक पान घेऊन. ‘‘वहिनी, तुमचंच तुम्हाला,’’ म्हणाल्या. काकू ही गोष्ट सांगताना ‘ओल्या फडक्यात’ या शब्दांवर दरवेळी नाराज होतात. ‘‘ओलं कशाला? कुजलं असतं की! ही पानं कोरडीच न्यायची. पण वन्संना कोण सांगणार?’’

तर, ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी काकूंचा फंडा लिहून घ्या. पान कापलं की लगेच मातीत खुपसायचं नाही. पाच-सात दिवस सावलीत नुसतं ठेवायचं, जखम सुकू द्यायची. मग माती, जाड वाळू आणि विटांचे तुकडे अशा भुसभुशीत मिश्रणात दोन बोटं आत. पहिले काही दिवस पाणी बंद. कोवळ्या फुटीवर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, काडीला कापूस गुंडाळून पुसून काढायचा. फुलाची घाई करायची नाही, दोन-तीन वर्षं सहज लागतात.

कुंड्यांच्या पायाशी दगड मांडलेत. मला आधी ते नुसती सजावट वाटले. काकूंचे यजमान बांधकामावर इंजिनिअर होते, वाघोली भागात पाया खणताना, खाणीत जे सापडेल ते खिशात टाकून आणायचे. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये नंतर खनिजांचे स्फटिक तयार झाले. कुणी पीचच्या रंगाचे पंख्यासारखे, कुणी काचेसारखे पारदर्शक. घरी सगळ्यांना सरसकट ‘गारगोटी’ म्हणतात. सिन्नरला याच नावाचं एक अख्खं म्युझियम आहे, नाशिकला जाताना वाट वाकडी करून बघण्यासारखं. काकूंच्या एका पांढऱ्या दगडावर मोहरीएवढा निळाशार ठिपका आहे. तो कॅव्हान्साइट. वाघोलीच्या खाणींमुळे हे निळं खनिज जगभरच्या संग्राहकांना माहीत झालं, आणि इथे ते कोरफडीच्या डब्याला टेकू म्हणून बसलंय!

आता मुद्द्याची गोष्ट. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये. करार झाला, सह्या झाल्या. तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत काढायची, बाल्कनी जेमतेम कपडे वाळत घालण्यापुरती. आणि नव्या बिल्डिंगच्या गच्चीवर सोलर पॅनल. कुंड्यांना जागा नाही, हे कागदावर स्पष्ट लिहिलेलं आहे. मला वाटलं होतं काकू रडतील, निदान बिल्डरला दोन शब्द ऐकवतील. त्यांनी वहीत यादी केली होती. कुठला डबा कुणाला.

ऑगस्टमधल्या एका रविवारी वाटप झालं. वर्तमानपत्रं, सुतळी, रिक्षावाल्यांशी घासाघीस. आयटीवालीने वीस कुंड्या वाकडच्या फ्लॅटवर नेल्या (आठवड्यात सोसायटीची नोटीस आली, खालच्यांच्या एसीवर पाणी ठिबकतं म्हणून, तिने सगळ्यांखाली ताटल्या ठेवल्या आणि नोटीस पाठवणाऱ्या सेक्रेटरीणबाईंना पानफुटीचं एक पान दिलं). मॅडमनी कॉलेजसाठी दहा घेतल्या. अट एकच होती. जे न्याल त्यातलं वर्षभरात दोघांना द्यायचं, आणि डब्यावरचं नाव पुसायचं नाही, खाली आपलं लिहायचं. माझ्या वाट्याला सांगलीच्या डब्यातली दोन पानं आली.

मला विचाराल तर बागेतली झाडं वाचवायची याहून सॉलिड पद्धत मी पाहिलेली नाही. एकाच गच्चीवर जपून ठेवलेलं झाड एका पुरात, एका करारात जातं. पंधरा घरांत गेलेलं जात नाही.

पण त्याच दुपारी बँकवाल्या काकांनी मिठाचा खडा टाकला. कुंड्या उतरवून दमलेले, जिन्यात बसून चहा पिता पिता म्हणाले, ‘‘यातलं आपलं एक तरी आहे का हो? ब्रह्मकमळ मेक्सिकोकडचं, घायपात मेक्सिकोचं, पानफुटी मादागास्करची, कोरफड अरबस्तानातली. आपल्या डोंगरातलं सक्युलंट कुणी पाहिलंय?’’ कुणीच बोलेना. मग मॅडम म्हणाल्या, ‘‘सप्टेंबर संपताना शिवनेरीला जाऊ. शिंदळ माकुडी दाखवते.’’ नाव ऐकून काकू पदराआड हसल्या. शब्दाचा दुसरा अर्थ माहीत असणाऱ्यांची पिढी!

पुण्याहून जुन्नर साधारण पंच्याण्णव किलोमीटर. नाशिक हायवेने नारायणगाव, तिथे मिसळ, मग डावीकडे वळायचं. शिवनेरीवर तुम्ही शाळेच्या सहलीत गेलाच असाल. सात दरवाजे, शिवाईचं मंदिर, शिवजन्मस्थान, टाक्या, कडेलोट. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात शिवनेरी आहे, त्यामुळे गर्दी भरपूर. पण सगळी गर्दी वर बघत चढते. आम्ही सात जण दुर्बीण घेऊन कपारी बघत चढत होतो. लोकांना वाटत होतं आमचं काहीतरी हरवलंय.

आणि दिसली! नेमकी कुठे ते लिहिणार नाही, मागू नका. काळ्या कातळाच्या भेगेतून बोटभर जाडीच्या मांसल फांद्या खाली लोंबतायत, त्यांना हिरवी पानं, आणि टोकांशी चॉकलेटी-लाल, पाच पाकळ्यांची चांदणी, वर पिवळसर नक्षी. दोन सेंटीमीटरचं फूल. माश्यांना भुलवून परागीकरण करून घेणारं, त्यामुळे वासाबद्दल न बोललेलं बरं. हिच्या भाऊबंदांना, म्हणजे माकडशिंगीसारख्या झाडांना, पानं नावापुरतीच असतात. हिला मात्र चांगली ठसठशीत. उन्हाळ्यात तीही गाळून टाकते आणि नुसत्या फांद्यांवर तग धरते. महाराष्ट्राबाहेर ही निसर्गात कुठेच उगवत नाही. इथेही मोजक्याच कड्यांवर. भारताच्या रेड डेटा बुकमध्ये हिची नोंद आहे.

हिचं इंग्रजांच्या दप्तरातलं नाव फ्रेरिआ इंडिका. निकोल डाल्झेल नावाच्या वनाधिकाऱ्याने १८६० च्या दशकात ती जगापुढे आणली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं. हे तेच फ्रेअर, ज्यांचं नाव फोर्टातल्या त्या प्रसिद्ध कारंजाला देणार होते. कारंजं उभारलं कुणी, तर अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाने. आणि आज एम्प्रेस गार्डन सांभाळणारी संस्थाही याच नावाची! कारंजाला शेवटी फ्लोराचं नाव मिळालं. साहेबांच्या वाट्याला कड्यावरचं झुडूप राहिलं, आणि आताचे शास्त्रज्ञ तर फ्रेरिआ हे स्वतंत्र घराणंच मोडीत काढून तिला बूसेरोझियात बसवतात. नाव उरलं शेपटीला, बूसेरोझिया फ्रेरी.

आमच्यातल्या एका कॉलेजकुमाराचा हात शिवशिवत होता. एक फांदी पायवाटेपासून हातभरावरच होती. ‘‘मॅडम, छोटासा तुकडा. लगेच मुळं फुटतात म्हणता ना? मी पण दोघांना देईन!’’ काकूंचाच नियम काकूंवर उलटवला पठ्ठ्याने. मॅडम काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, ‘‘दिलं कुणी तुला?’’

तो गप्प. मग म्हणाला, ‘‘कुणी नाही.’’

‘‘मग डब्यावर काय लिहिशील?’’

उतरताना मॅडमनी जे सांगितलं ते ऐकून मी खरंच थबकले. ज्या झाडासाठी आम्ही पहाटे चारला उठून आलो, ते युरोप-अमेरिकेतल्या सक्युलंटवेड्यांच्या काचघरांत टांगत्या कुंड्यांमधून निवांत वाढतंय, कितीतरी वर्षांपासून. कधीकाळी इथून गेलेल्या थोड्याशा फांद्यांच्या फांद्यांच्या फांद्या. लावायला सोपं, वाटायला सोपं. आणि आपल्या गच्च्यांवर? एक नाही. मात्र आपल्याकडेही वनस्पतिशास्त्रातली माणसं रोपं वाढवण्यामागे लागली आहेत. कंदीलपुष्पांसाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बागेत असंच मोठं काम झालंय. म्हणजे मागायचंच असेल तर बागेत वाढलेल्या झाडाची फांदी मागा, कड्याला हात लावू नका. कड्यावरच्या एका झुडपामागे पन्नास हौशी लागले तर एका सीझनमध्ये खेळ खलास.

तुम्ही जाणार असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट, सकाळी लवकर, शूज ग्रिपवाले. दुर्बीण असेल तर सोन्याहून पिवळं. सापडली, तर फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा. प्लीज.

ऑक्टोबरमध्ये मॅडम काकूंच्या भाड्याच्या घरी आल्या. सोबत कागदात गुंडाळलेला चार इंचांचा तुकडा, कॉलेजच्या कुंडीत वाढलेल्या शिंदळ माकुडीचा. तीही त्यांना दुसऱ्या एका बागेतून मिळालेली. काकूंनी तो खिडकीच्या कट्ट्यावर सुकत ठेवला, रिकामा डबा धुतला आणि ऑइलपेंटची डबी उघडली. मी म्हटलं, ‘‘शिवनेरी लिहा ना काकू, भारी दिसेल.’’

‘‘शिवनेरीने कुठे दिलीये?’’ म्हणाल्या, आणि ‘कॉलेजच्या बाई, २०२५’ असं लिहून ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.