व्हरांड्याच्या टोकाची खोली

‘दारू सोडवायची असेल तर पुण्याला न्या. इथं त्याचं काही होत नाही.’

सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझा थोरला भाऊ समोरच्या खाटेवर होता. दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधलेले, फिटमध्ये चावलेली जीभ सुजलेली. मी आणि वहिनी उशाशी उभ्या होतो. त्या वाक्यावर विश्वास ठेवून आम्ही जवळजवळ वर्ष घालवलं. आणि ज्या इमारतीत ते बोललं गेलं, त्याच इमारतीत, त्याच व्हरांड्याच्या टोकाला दारूच्या आजारावर औषधोपचार करणारे डॉक्टर बसत होते. हे कळलं तेव्हापासून माझा राग गेलेला नाही.

दादा ऊस वाहतुकीच्या ट्रकवर ड्रायव्हर. कृष्णाकाठचं आमचं गाव, चारही बाजूंना ऊस आणि कारखाने. हंगामात रात्ररात्र जागरण, वजनकाट्यापुढं गाड्यांची रांग, थंडी, सोबतीला चार जण. सुरुवात कशी झाली ते आमच्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको. शेवटी शेवटी सकाळी पोटात थोडी गेल्याशिवाय त्याच्या हातात चहाची कपबशी ठरेना, एवढं सांगितलं तरी पुरे.

गौरी-गणपतीत त्यानं स्वतःहून ठरवलं. कुणी भांडलं नव्हतं, कुणी शपथ घातली नव्हती. गणपतीपुढं बसून म्हणाला, ‘आजपासनं बंद.’ घरात सण दुप्पट झाला. संध्याकाळी त्याला घाम फुटला, हात थरथरायला लागले. आम्हाला वाटलं, मनाशी झगडतोय, सोसतोय; सोसू दे. वहिनी त्याला लिंबूपाणी देत राहिली. दुसऱ्या रात्री त्याला फिट आली आणि आम्ही जीप करून सिव्हिल गाठलं.

तिथं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, फिट थांबली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या दीड दिवसाची.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर दादा भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मग क्लीनरला हाका मारायला लागला, ‘दोर आवळ, मोळ्या घसरत्यात!’ सलाईन उपसून उठला तेव्हा त्याला बांधलं. भेटायला आलेल्या चुलत्यांना वाटलं, बाहेरचं काहीतरी आहे. त्यांनी उशीखाली लिंबू ठेवलं. चुलत्यांवर मी रागवत नाही. त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. पण ज्यांना माहीत असायला हवं होतं ते वॉर्डात होते, पगारी होते, आणि त्यांच्यातल्या एकानं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘प्यायची यांनी आणि जागायचं आम्ही.’ सकाळच्या राऊंडला डॉक्टर आले. गुंगीत असलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, ‘लाज वाटते का?’ वहिनीनं पदर तोंडाला लावला. लाज तिला वाटली.

शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते, मधुमेहाचे. सणाला गोडधोड खाल्लं, गोळ्या चुकवल्या, साखर चढली आणि चक्कर येऊन पडले. तेच डॉक्टर त्यांच्याकडे गेले. ‘काका, गोड बंद करायचं. बाहेर पडलात की डावीकडची दुसरी खोली, तिथं आहाराचं समजावून सांगतील.’ केसपेपरवर खोलीचा नंबर लिहून दिला. तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. दोघांनाही आजार. दोघांनीही जे घेऊ नये ते घेतलं होतं. उलट माझ्या भावानं ते सोडलं म्हणून तो तिथं पोचला होता. एकाला काका म्हटलं, खोलीचा नंबर दिला. दुसऱ्याला लाज विचारली आणि पुण्याचा रस्ता दाखवला. डॉक्टर तेच, केसपेपर तसाच, पेनही तेच. नंबर लिहायला किती वेळ लागतो? मी हे कितीतरी जणांना सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी समोरचा म्हणतो, ‘अहो, पण त्यानं पिऊ नये ना.’ मग त्या काकांनी लाडू खाऊ नयेत, हे कुणी का म्हणत नाही?

मला नंतर समजलं ते इथंच सांगते, कारण हे घराघरात माहीत हवं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली तर शरीर बंड करतं. दारू मेंदूला सुस्त ठेवते, म्हणून मेंदू उलट जोर लावायला शिकलेला असतो. सुस्ती अचानक निघून गेली की तो जोर तेवढा उरतो. काही तासांतच थरथर, घाम, उलट्या, झोप उडणं. फिट आली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास, दिवसरात्रीचं भान जाणं, ताप. उपचार नसेल तर यात माणूस दगावतो. उपचार म्हणजे हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या आणि ‘बी-वन’ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. यात पुण्यालाच जावं लागेल असं काही नाही. प्रत्येकाला असं होतं असंही नाही. पण ज्याला सकाळी उठल्याउठल्या लागते, त्यानं देवापुढं ठरवण्याआधी डॉक्टरांपुढं बसावं.

पुणे म्हणजे मुक्तांगण, हे आपल्याकडं पोराठोरांनाही ठाऊक आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. आम्ही फोन केला. बोलणारा माणूस इतका शांतपणे बोलला की वहिनीला धीर आला. पण तिथं काही आठवडे राहायचं, आणि हंगाम तोंडावर. ट्रकमालकाकडून दादानं आगाऊ उचल घेतलेली. घरी दोन मुलं, दोन म्हशी, अंथरुणाला खिळलेली आई. वहिनी म्हणाली, ‘वन्सं, तिथवर जायाला तरी घरात कुणी मोकळं पायजे.’ मुक्तांगणचा यात काही दोष नाही. अख्ख्या महाराष्ट्रानं एका शहराकडं बोट दाखवायचं, ही त्या संस्थेची चूक नव्हे.

मग जे व्हायचं ते झालं. एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते: नकळत द्या, दारू सुटेल. वहिनीनं ती पावडर मागवली आणि कालवणातून द्यायला लागली. दादा प्यायला की तोंड लालबुंद व्हायचं, छाती धडधडायची, उलट्या. तिला वाटलं, गुण येतोय. पुढं डॉक्टरांनी ती पुडी बघितली आणि म्हणाले, यात काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नाही. पण दारूच्या जोडीला असं करणारं एक औषध आहे, ते आम्ही देतो तेव्हा रुग्णाला सगळं सांगून, त्याची संमती घेऊन, हृदय आणि यकृत तपासून देतो. न सांगता दिलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. वहिनी त्या दिवशी जेवली नाही.

पावडरनंतर वहिनीच्या भावानं एक खासगी केंद्र शोधलं. चार माणसं गाडी घेऊन रात्री आली, दादाला झोपेतून उचललं आणि नेलं. एक मोठी खोली, बाहेरून कडी, जुने पेशंट नव्यांवर पहारेकरी. डॉक्टर त्याला कधी दिसलाच नाही. वहिनीच्या पाटल्या गहाण पडल्या. सुटून आला त्याच संध्याकाळी तो प्यायला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यातल्या कुणाशी बोलला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून येणारे मानसिक त्रास मानसिक आजारातच धरतो. अशा आजाऱ्यांना भरती करून उपचार देणाऱ्या केंद्राला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी लागते आणि सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा हक्क ठरतो. माझं सगळ्यांना सांगणं आहे: पैसे भरण्याआधी नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर कोण आणि कधी येतात ते विचारा, आपल्या माणसाला भेटू देतात का ते विचारा. रात्री उचलून नेतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

खोलीचा पत्ता शेवटी गावच्या आशा कार्यकर्तीनं, आशाताईंनी दिला. त्या आईच्या औषधांसाठी आल्या होत्या. दादा ओसरीवर पडलेला बघून त्यांनी सहज विचारलं, ‘सिव्हिलच्या मनोविकार विभागात दाखवलं नाही का? तिथं दारूचे पेशंट बघतात की.’ वहिनीनं मला फोन केला. मी म्हटलं, आपण तिथंच तर होतो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. कॅज्युअल्टीवरून सरळ, एक्स-रे ओलांडून, व्हरांडा संपतो तिथं. दारावर ‘मनोविकार विभाग’ अशी पाटी. दारूचा किंवा व्यसनाचा त्यावर उल्लेख नव्हता, आणि ‘मनोविकार’ वाचून कुठल्याही शेतकऱ्याच्या घरातलं माणूस तिथं स्वतःहून शिरणार नाही. आत डॉक्टरीणबाईंनी दादाला बसायला सांगितलं आणि विचारलं, ‘किती घेता, कधीपासून, बंद केल्यावर काय काय होतं?’ एवढंच. दादानं फिटचं सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं, आणि मग विचारलं, ‘बाई, मला तवा झालं काय हुतं?’ इतक्या महिन्यांत त्याला कुणी ते समजावलं नव्हतं. मीही नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं. बाईंनी कागदावर रेघा काढून समजावलं. तो ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘म्हंजी मी येडा झालो न्हवतो.’

त्यांनी त्याला काही दिवस वॉर्डात ठेवून दारू उतरवली. तोच वॉर्ड, पण या वेळी केसपेपरवर गोळ्यांचा तक्ता होता आणि हात बांधायची वेळ आली नाही. नंतर समुपदेशन, आणि तालुक्याच्या गावी एका शाळेच्या खोलीत भरणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेचा पत्ता. तिथं फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दादा जातो. वहिनीनं मात्र एकदाच विचारलं, ‘बायकांचं ऐकायला कुठं काय हाय का?’ घरच्यांसाठी अल्-अनॉनच्या सभा असतात, पण आमच्या आसपास मला तशी सभा सापडलेली नाही.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांमागं एकालाच कुठलीतरी मदत मिळते, असं त्यात आहे. भरती होऊन उपचार मिळतात ते १८० मध्ये एकाला. माझा भाऊ त्या एकात बसला, तो एका आशाताईंच्या सहज विचारण्यामुळं. उरलेल्यांना कोण विचारणार?

पूर्वी मला वाटायचं, दुकानच बंद झालं पाहिजे. गावात ‘आडवी बाटली’साठी सह्या गोळा झाल्या तेव्हा मी माहेरी येऊन दारोदार फिरले. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. आमच्याकडं सह्याच पुऱ्या पडल्या नाहीत. परवा मी तो विषय पुन्हा काढला तर दादा म्हणाला, ‘दुकान एका रात्रीत बंद करशील, पर माझ्यासारख्यांला तिसऱ्या दिवशी कुठं न्येशील?’ मला उत्तर देता आलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये, निर्बंधांच्या काळात, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. तरीही मतदान झालं तर मी बाटली आडवीच करीन. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात आणि त्यांचा मेळ मला घालता येत नाही.

त्या राऊंडच्या डॉक्टरांबद्दलही तसंच. रात्रभर अपघाताचे पेशंट उपसून सकाळी राऊंडला आलेला तरुण मुलगा तो, डोळे लाल. कधी त्याची कीव येते. मग काकांच्या केसपेपरवरचा तो नंबर आठवतो आणि कीव जाते.

दादा पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. मागच्या हंगामात ट्रकवर असताना तो पुन्हा प्यायला. फरक एवढाच, की चौथ्या दिवशी स्वतः एसटीत बसून त्या खोलीत गेला. घरच्यांनी नेलं नाही, रात्री कुणी उचललं नाही.

मी रुग्णालयाच्या अधीक्षकांना निवेदन दिलं आहे. मागण्या मोठ्या नाहीत. कॅज्युअल्टीत आणि वॉर्डात ठळक पाटी लावा: दारू, गांजा, कुठलंही व्यसन, उपचार इथंच, खोली अमुक. खाली व्यसनमुक्तीची १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, या मोफत हेल्पलाइनचे नंबर लिहा. दारूमुळं आलेल्या प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर तो खोलीचा नंबर टाकायची सक्ती करा. आणि हंगामात ड्रायव्हर आणि तोडणी मजुरांना दर पंधरा दिवसांनी जिल्ह्याच्या गावी येणं जमत नाही, तर त्यांच्या गोळ्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळू द्या. निवेदनाची पोच शिक्क्यासह मिळाली. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं आणि सांगितलं, समुपदेशकाची जागा सध्या रिकामी आहे, तेही त्यात घाला. पुढच्या निवेदनात ते घातलं आहे.