दुसरी मेणबत्ती

बॉयलर तीन दिवस बंद. हाउन्सलोच्या या घरात आज दोन स्वेटर चढवून आगमनकाळाची दुसरी मेणबत्ती लावली, ही शांतीची. डोक्यावरून हीथ्रोकडे उतरणारं विमान गेलं, खिडकी थरथरली, फटीतल्या वाऱ्याने ज्योत आडवी झाली. मग पुन्हा उभी राहिली.

आई आठवली. नगरला ती लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हापुन्हा वाचायची. त्यांच्या पतीचा, टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षंच मला हल्ली जास्त जवळची वाटतात. ख्रिस्ताची शांती मलाही एकदम कुठे मिळाली? येते, हरवते, अन् बोटं गारठलेली असताना नेमकी शेजारी येऊन बसते.

मेकॅनिक उद्या येतो म्हणालाय. परवाही तेच म्हणाला होता. मेण बशीत ओघळतंय. विझवावीशी वाटत नाही.