तक्रार मुक्कामी



शेअर बाजार हा काही आपल्या मासिकाचा विषय नव्हे, असे तुम्ही म्हणाल. पण तुकोबाराय वाण्याच्या घरातले. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली ती कुळांना मोकळे करण्यासाठी. हिशेब येत नव्हता म्हणून नव्हे. तेव्हा थोडे व्यवहाराचे बोलतो. चूक माझीच आहे आणि ती चित्ताची आहे.

कीर्तनाचे पैसे मी ठरवून कधी घेतले नाहीत. यजमानाने नारळाबरोबर जे हातावर ठेवले, त्यातले थोडेथोडे बाजूला पडत गेले. इच्छा एवढीच, की माझ्यामागेही आमच्या दिंडीला वाटेत एका मुक्कामी आमच्या घरची पंगत चालू राहावी. त्यासाठी 2014 साली भाच्याने इंडेक्स फंडात दरमहा तीन हजारांची एसआयपी लावून दिली. मी विचारले, हे काय असते? तो म्हणाला, "मामा, निफ्टीत देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या आहेत. तुमचा रुपया त्या पन्नासांत ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. कोणती बरी, कोणती वाईट, हे फंडवाल्याने आपल्या मर्जीने ठरवायचे नाही. म्हणून खर्चही कमी. तुम्ही दहा वर्षे फक्त घालत राहायचे."

मला ते लगेच पटले. दिंडीचा क्रम असाच असतो. रथापुढे सत्तावीस दिंड्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. आज आमचा मृदंग चांगला लागला म्हणून आम्ही पुढे सरकत नाही.

मग 2020 चा मार्च आला. 23 तारखेला एका दिवसात सेन्सेक्स जवळजवळ चार हजार अंकांनी कोसळला. मी दोन लाख सोळा हजार घातले होते, त्याचे एक लाख नव्वद हजारांच्या आसपास झाले होते. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी भाच्याला फोन लावला, सगळे काढ. तो म्हणाला, "मामा, आज नको." मी ऐकले नाही. चाळीस वर्षे स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर निरूपण केलेला मनुष्य, सव्वीस हजारांसाठी भाच्यावर ओरडत होतो. आवाज चढला की अर्थ निघून जातो, हे मीच पोरांना शिकवीत असे.

त्या वर्षी पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या. वाट बंद झाली, पण नेम राहिला. दूरदर्शनवर ती बस पाहताना डोळे भरून आले. आणि खोटे कशाला सांगू, आपला नेम आपण मोडला हेही तेव्हाच टोचले.

नोव्हेंबरात बाजाराने जुना उच्चांक ओलांडला. तसेच राहू दिले असते तर तीन लाख झाले असते. भीतीचा धाकटा भाऊ लोभ, तो मागोमाग आला. थोडे उतरले की घालू, म्हणून पैसे बचत खात्यात पडून राहिले. ते काही उतरेना. शेवटी 2021 च्या पाडव्याला पुन्हा आरंभ केला. निफ्टी तेव्हा साडेचौदा हजारांच्या घरात होता, मी काढले तेव्हा आठ हजारांच्याही खाली. 2022 ला पायी वारी पुन्हा निघाली. त्या पंगतीसाठी मला मुलाकडे मागावे लागले. त्याने आनंदाने दिले, पण माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

त्या मुक्कामीच एक जुनी गोष्ट नव्याने दिसली. समाजआरतीला चोपदार चोप उंचावतात आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. किती वर्षे पाहिले हे! तक्रारीला मनाई नाही. पण ती मुक्कामी करायची. दिवे घाट चढताना कोणी दिंडी थांबवून भांडत नाही.

तेव्हापासून फंडाचा कागद वर्षातून एकदाच उघडतो, कार्तिकी झाल्यावर. त्या दिवशी मनातले सगळे टाळ वाजू देतो. भीती, हाव, शेजाऱ्याने सोन्यात किती कमावले ते. सगळे वहीत लिहितो. पुढच्या तीन-चार वर्षांच्या पंगतीचा पैसा बँकेच्या ठेवीत आहे ना, एवढे पाहतो. लवकर लागणारा पैसा बाजारात ठेवू नये, हे भाच्याने दोनदा बजावले आहे. बाजार पडल्यावर पंगतीसाठी काढायची वेळ येऊ नये, म्हणून. मग वही मिटते.

गेल्या कार्तिकीनंतर वही मिटल्यावर नातू मोबाईल घेऊन आला. "आजोबा, आजच बाजार पडलाय, बघा तरी."

म्हटले, "बाळा, आरती झाली. चोपदार उठून गेले. आता पुढच्या कार्तिकीला."