पंधरा ऑगस्ट, व्हाया घाटकोपर

आमच्या ऑफिसचं कॅलेंडर अमेरिकन. ४ जुलैला सुट्टी, १५ ऑगस्टला लॉगिन. अंधेरी-मालाड पट्ट्यात यूएस शिफ्ट केलेल्यांना यात नवीन काही नाही. पहिल्या वर्षी हसू येतं, तिसऱ्या वर्षी येत नाही. रात्रभर काम करून सकाळी घरी यायचं आणि सोसायटीचं झेंडावंदन उशीत डोकं खुपसून लाऊडस्पीकरवर ऐकायचं! खरं तर राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ पगारी सुट्ट्या आहेत. चार तारखा पक्क्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यंदा मी ही सुट्टी मागितली. टीम लीडरने विचारलं, "कुठे, लोणावळा?" म्हटलं, "नाही, पार्ला." त्याला वाटलं मी मस्करी करतोय.

तर रूट ऐका. सुरुवात मुलुंड पूर्वेच्या मिठागर रोडवरून. झेंडावंदन आटोपलं (भाषण चेअरमनचं, दोरी-गाठीचं काम वॉचमनचं, जिलेबी सगळ्यांची) की बस पकडायची. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने घाटकोपरकडे निघालात की डाव्या हाताला मिठागरांचा पट्टा. ऑगस्टमध्ये तिथे मीठ नसतं, ते उन्हाळ्यात पिकतं. आत्ता नुसतं पावसाचं पाणी आणि बगळे. याच मिठावरचा ब्रिटिशांचा कर थेट १९४७ पर्यंत टिकला. आता मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची २५५.९ एकर मिठागरं धारावीच्या पुनर्विकासासाठी द्यायचं २०२४मध्ये ठरलंय. लोकांना घरं हवीतच हो, पण हे सगळं पाणी मग जाणार कुठे?

घाटकोपरला मेट्रो. ती २०१४मध्ये आली, त्याआधी अंधेरी गाठायची म्हणजे ३४० नंबरची बस आणि आपलं नशीब. अंधेरीहून लोकलने एकच स्टेशन, विलेपार्ले.

शाळेत आपण दांडी शिकलो, शिरोडा शिकलो. पार्ल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिल १९३०मध्ये इथे सत्याग्रहाची छावणी होती. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला ही पुढारी मंडळी. समुद्राचं पाणी आटवून मीठ करायचं, म्हणजेच कायदा मोडायचा, आणि पकडलं की तुरुंगात जायचं. बजाजही गेले. स्टेशनपासून चालत टिळक मंदिरापर्यंत गेलो. लोकमान्य सेवा संघाची ही संस्था १९२३पासूनची, म्हणजे छावणीच्याही आधीची. रस्त्यात झेंडे विकणारी पोरं, सिग्नलला तीन रंगांचे फुगे. वाटेत सारखं एकच डोक्यात होतं : छावणीत आलेल्यांतल्या नोकरदारांनी साहेबाकडे रजा मागितली असेल की नुसतेच निघून आले असतील?

दुपारी जेवता जेवता टीममधल्या दोघांना मेसेज टाकला : पुढच्या वर्षी तिघांनी मिळून एकच अर्ज देऊया, कायद्याचं कलम लिहून. एकजण झोपला होता. दुसरीचं उत्तर लगेच आलं, "माझं नाव पहिलं टाक."