आधी खांदेमळण

श्रावणातील अमावास्येला महाराष्ट्रात ठिकठिकाणी पोळ्याचा सण साजरा होतो. शिंगांना रंग, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळ आणि पाठीवर झूल अशा थाटात बैल वेशीकडे निघतात, तेव्हा पाहणाऱ्यांचे डोळे त्या सजावटीवर खिळून राहतात. परंतु सणाचा खरा आरंभ आदल्या संध्याकाळी गोठ्यात झालेला असतो. जुवामुळे घट्टे पडलेले बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकतात आणि त्यांना तूप व हळद चोळतात. यालाच खांदेमळण म्हणतात. ज्या खांद्याने वर्षभर भार वाहिला, त्याची विचारपूस आधी. झूल आणि घुंगुर मागाहून. हा क्रम ज्या कोणी घालून दिला, तो मोठा जाणता असला पाहिजे.

शेतापासून दूर, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येही हाच क्रम पाहावयास मिळतो. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही पहिली औद्योगिक वसाहत. येथील अनेक रस्ते नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखले जातात. कित्येक जुन्या कारखान्यांच्या जागी आता कचेऱ्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही मधल्या गल्ल्यांतून लेथची घरघर ऐकू येतेच. खंडेनवमीला येथील कारागीर आपली यंत्रे पुसून लख्ख करतात, सांध्यांना वंगण देतात आणि मगच त्यांना झेंडूच्या माळा घालतात. वंगणाआधी हार घालावयास निघालेल्या उमेदवाराला जुना कारागीर टोकल्यावाचून राहत नाही.

अशाच एका कारखान्यात एक जोडारी काम करी. त्याचे घर नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात. घरची द्राक्षबाग धाकटा भाऊ सांभाळी. आदल्या वर्षी बैलजोडी विकून भावाने एक छोटा ट्रॅक्टर घेतला होता. मोठा ट्रॅक्टर द्राक्षाच्या दोन ओळींमधून वळत नाही आणि मांडवाखाली मावतही नाही. म्हणून अशा बागांतून पंधरा-वीस अश्वशक्तीचे बुटके ट्रॅक्टर दिसतात. पोळा जवळ आला तेव्हा धाकट्याने दूरध्वनीवर सांगितले, “दादा, येताना मोठा भोंगा, रंगीत दिवे आणि गोंडे घेऊन ये. यंदा आपला ट्रॅक्टर साऱ्या गावात उठून दिसला पाहिजे.”

“आणीन की,” दादा म्हणाला, “पण मला आधी हे सांग, दिवसभर फवारणी करून उतरतोस, तेव्हा तुझी कंबर कशी असते?”

धाकटा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “धरलेली असते. त्यात नवल ते काय? शेतकऱ्याची कंबर धरायचीच!”

दादाला हे उत्तर मानवले नाही. बैल नांगर ओढी तेव्हा भार बैलाच्या खांद्यावर पडे. ट्रॅक्टरला खांदा नाही; पण भार नाहीसा होत नाही. त्याचा काही अंश चालकाच्या पाठीवर येतो. मोटारगाडीला असतात तशा स्प्रिंगा ट्रॅक्टरच्या मागील चाकांना नसतात. त्यामुळे ढेकळांवरून जाताना बसणारा प्रत्येक हिसका सरळ बैठकीपर्यंत पोहोचतो. सेकंदाला चार ते आठ वेळा खालीवर होणारी थरथर माणसाच्या शरीराला विशेष बाधते, असे शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखविले आहे. एक-दोन दिवसांत त्याचे काही वाटत नाही. परंतु वर्षानुवर्षे ती सोसावी लागली, म्हणजे पाठीचा कणा कुरकुरू लागतो.

शेतात राबणाऱ्याने सुखाने बसावे, ही कल्पनाच पूर्वी लोकांना चमत्कारिक वाटे. जुन्या ट्रॅक्टरांवर उथळ परातीसारखी एक लोखंडी बैठक असे आणि तेवढीच पुरे मानली जाई. १९३८ साली अमेरिकेतील मिनियापोलिस-मोलाइन या कंपनीने बंद खोलीचा एक ट्रॅक्टर तयार केला. त्यात ऊब देणारे यंत्र होते, रेडिओ होता आणि मऊ बैठक होती. असे सुमारे १५० ट्रॅक्टर तयार झाले. पण गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही. किंमत भारी होतीच; शिवाय नांगरताना एवढी चैन कशाला, असेही अनेकांना वाटले. आज मात्र मोठमोठ्या ट्रॅक्टरांना थंडगार हवेच्या बंद खोल्या सर्रास असतात. काल ज्याला लोक चैन म्हणत, ती गरज होती, हे उमगावयास बराच काळ जावा लागला.

पोळ्याच्या चार दिवस आधी जोडारी गावी पोहोचला. त्याने पिशवीतून प्रथम गोंडे काढले नाहीत, हत्यारे काढली. भावाला ट्रॅक्टरवर बसवून त्याने क्लच पूर्ण दाबावयास सांगितले. पाय पुरा ताणल्याखेरीज क्लच दबत नव्हता. तेव्हा त्याने बैठक थोडी पुढे सरकविली. बैठकीखालची गंजलेली स्प्रिंग बदलली, वर जाड गादी घातली आणि तिला जाड कापडाची खोळ शिवून घेतली. पावसाचे पाणी साचू नये म्हणून गादीखालच्या पत्र्याला बारीक भोके ठेवावयासही तो विसरला नाही.

मग सावलीचा प्रश्न आला. ट्रॅक्टरला मागे एक लोखंडी कमान होती. ट्रॅक्टर उलटला तर चालक चिरडू नये म्हणून ती असते, आणि तिचा उपयोग व्हावा म्हणून चालकाने पट्टाही बांधावयाचा असतो. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना अशी संरक्षक चौकट कायद्याने सक्तीची झाली आणि त्यानंतर तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू फार घटले. धाकटा म्हणाला, “दादा, याच कमानीला नळ्या जोडून टाकू, म्हणजे छत पक्के बसेल.” दादाने मान हलविली. कमानीला भोक पाडले किंवा तिच्यावर जोडकाम केले, तर तिची ताकद कमी होते आणि नेमकी गरजेच्या वेळी ती दगा देते. त्याने छताच्या नळ्या चाकांवरच्या पत्र्यांना, आधीपासून असलेल्या भोकांत बसविल्या. मांडवाखाली जाताना ते कापडी छत दोन मिनिटांत काढून ठेवता येई.

आता सजावटीची पाळी आली. जोडारी अरसिक नव्हता. मागच्या खेपेस त्याने मोडक्या जुवाचा एक तुकडा ठाण्याला नेला होता. कारखान्यातील कातारी मित्राने त्या बाभळीच्या लाकडाची एक गोल, गुळगुळीत मूठ लेथवर कातून दिली होती. ती त्याने गिअरच्या दांड्यावर बसविली. धाकट्याने तिच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही. विकलेल्या बैलांची मान ज्या लाकडाखाली वाकत असे, ते लाकूड आता त्याच्या तळहाताखाली होते.

लाल-पिवळे गोंडे पुढच्या बाजूला लागले; मात्र इंजिन थंड राखणाऱ्या जाळीसमोर एकही नाही, कारण तेथून वारा आत शिरला पाहिजे. मागच्या बाजूलाही गोंडा नाही. तेथे पीटीओ नावाचा दांडा असतो. फवारणीयंत्राला गती देणारा हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. एखादा गोंडा किंवा उपरण्याचे टोक त्यात सापडले, तर ओरडावयासही सवड मिळत नाही. मागे लाल चकाकणारी पट्टी मात्र लावली. रात्री रस्त्यावर मागून येणाऱ्या गाडीला ती दुरून दिसते.

“आणि भोंगा?” धाकट्याने विचारले.

“भोंगा आणला नाही,” दादा म्हणाला. “रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज कानी पडत राहिला, तर ऐकू येणे हळूहळू कमी होते आणि गेलेले परत येत नाही. आमच्या कारखान्यात पाहिले आहे मी. शिवाय भोंगा वाजत असताना मागे कोणी हाक मारली, तर तुला ती कशी ऐकू येणार?”

धाकटा थोडा हिरमुसला. परंतु त्याने पुन्हा भोंग्याचे नाव काढले नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आईने सवयीने ऊन पाण्याचे भांडे गोठ्यात नेले. गोठा रिकामा होता. दारात ट्रॅक्टर उभा होता. ती घटकाभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने धाकट्याला हाक मारली, “ये रे, बस इथं पाठ करून.” तो हसला, पण बसला. ऊन पाण्यात पिळलेला पंचा आईने त्याच्या कमरेवर ठेवला आणि हळद-तुपाची वाटी जवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी गावातील उरल्यासुरल्या बैलजोड्यांच्या मागे तो छोटा ट्रॅक्टरही वेशीकडे गेला. त्याहून भडक सजलेले ट्रॅक्टर मिरवणुकीत होते. लोकांच्या नजरा तिकडेच वळल्या. पुढे छाटणी झाली, फवारणीचे दिवस आले. एका रात्री जोडाऱ्याने ठाण्याहून विचारले, “कंबर कशी आहे?”

“दादा,” धाकटा म्हणाला, “आज संध्याकाळी उतरलो आणि सरळ चालत घरी आलो.”