सुतकाचें नातें

आपल्या घरांत नात्याची खरी पारख मंगलकार्यांत होत नाहीं. लग्नाच्या पंगतीला अर्धें गांव येऊन बसतें. आहेर होतो, चार घास खाऊन, तोंड गोड करून मंडळी आपापल्या घरीं जातात. परंतु कोठून एखादी वाईट वार्ता आली म्हणजे प्रश्न उभा राहतो तो निराळाच : सुतक कोणाला? आणि किती दिवसांचें? ज्याला दहा दिवसांचें तो अगदीं जवळचा, ज्याला तीन दिवसांचें तो थोडा दूरचा, आणि ज्याला केवळ स्नान करून मोकळें होतां येतें तो त्याहून दूरचा. शास्त्राची ही मोजणी आजच्या तरुण पिढीला कालबाह्य वाटत असेल. परंतु तिच्या मुळाशीं जें मर्म आहे तें आम्हांला एका अनपेक्षित ठिकाणीं, जर्मनींतील हांबुर्ग शहरांत, आणि तेंही फुटबॉलच्या मैदानावर उमगलें. हें वाचून वाचक हंसतील हें आम्हीं गृहीत धरलें आहे. त्यांनीं हंसावें, पण शेवटपर्यंत वाचावें, एवढीच विनंति.

आम्ही दोघे बंधु नोकरीच्या निमित्तानें हांबुर्गास येऊन राहिलों त्याला आतां बरींच वर्षें झालीं. एकाच इमारतींत वर-खालीं दोन बिऱ्हाडें. चुली दोन, पण रविवारची पंगत एक. आई पुण्याहून एप्रिलांत येई आणि गणपतीच्या आधीं परत जाई. मुलांचा जन्म मात्र इकडचाच. शाळेंत जाऊं लागल्यावर त्यांनीं जो पहिला हट्ट घरीं आणला, तो निळ्या जमिनीवर काळा-पांढरा चौकोन काढलेल्या गळपट्ट्याचा. हें येथील क्रीडासंघाचें चिन्ह. लोक त्या संघाला पूर्ण नांवानें न हांकारतां "हा-एस-फाउ" या तीन अक्षरांनींच ओळखतात. मुलांच्या मागोमाग आम्ही, आमच्या मागोमाग आमच्या सौभाग्यवती, असें करतां करतां सारें घरच त्या गळपट्ट्यांत गुंतलें.

तळमजल्यावर एक वृद्ध जर्मन गृहस्थ एकटेच राहत. सारा जन्म त्यांनीं बंदराच्या गोदींत काढलेला. मुलें त्यांना "ओपा", म्हणजे आजोबा, म्हणत. संघाचें पुराण आम्हीं ऐकलें तें त्यांच्याच तोंडून. उवे झेलर या थोर खेळाडूला १९६१ सालीं इटलींतील इंटर मिलान संघानें अपार द्रव्य देऊं केलें असतां तो हांबुर्ग सोडून गेला नाहीं, ही कथा ते हरिश्चंद्राच्या आख्यानासारखी सांगत. १९७९, १९८२ आणि १९८३ या तीन वर्षीं संघानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. १९८३ च्या २५ मे रोजीं अथेन्स येथें फेलिक्स मागाट याच्या एकमेव गोलानें इटलीच्या युव्हेंटस संघाला नमवून युरोपचा चषकही जिंकला. त्या रात्रीं गोदींत कोण कोणाच्या गळ्यांत पडून रडलें, हेंसुद्धां ओपांना पाठ होतें.

परंतु या संघाचा खरा मानबिंदु चषक नव्हता. तें होतें एक घड्याळ. जर्मनींतील "बुंडेसलीगा" ही सर्वश्रेष्ठ स्पर्धा २४ ऑगस्ट १९६३ रोजीं सुरू झाली, तेव्हां तिच्यांत सोळा संघ होते. पुढें ते अठरा झाले. नियम असा कीं, वर्षअखेर तळाचे दोन संघ सरळ खालच्या वर्गांत उतरतात, आणि सोळाव्या क्रमांकाच्या संघाला खालच्या वर्गांतील तिसऱ्याशीं दोन सामने खेळून आपली जागा राखावी लागते. मूळच्या सोळांपैकीं पंधरा संघ केव्हां ना केव्हां खालीं गेले. एकटें हांबुर्ग तेवढें कधींच गेलें नाहीं. म्हणून २००१ सालीं फोक्सपार्क क्रीडांगणाच्या वायव्य कोपऱ्यांत एक मोठें घड्याळ बसविण्यांत आलें. तें वेळ दाखवीत नसे. संघ पहिल्या वर्गांत किती वर्षें, दिवस, तास, मिनिटें आणि सेकंद अखंड टिकून आहे, तें दाखवी. एका उन्हाळ्यांत आम्हीं आईला तें दाखविलें. फुटबॉल तिला कळत नसे, घड्याळ मात्र तत्काळ कळलें. ती म्हणाली, "हा तर तुमच्या संघाचा नंदादीप!"

दीपांतलें तेल मात्र कधींच तळाला लागलें होतें. संघावर कर्ज चढत होतें. प्रशिक्षक येत होते आणि जात होते. २०१४ सालीं फ्युर्टविरुद्ध दोन्ही सामने बरोबरींत सुटले आणि परक्या मैदानावर केलेल्या एका गोलाच्या बळावर संघ वांचला. २०१५ सालीं कार्ल्सरूहे येथें नव्वद मिनिटें संपून गेल्यावर मार्सेलो दियाझ यानें फ्री-किकवर गोल केला आणि जादा वेळांत जीव राहिला. २०१७ सालीं शेवटच्या दिवशीं, सामना संपण्यास दोनच मिनिटें असतांना, नुकत्याच मैदानांत उतरलेल्या लुका वाल्डश्मिट यानें डोक्यानें चेंडू आंत घालून वोल्फ्सबुर्गला हरविलें. वाऱ्यांत हाताचा आडोसा करून दिवा राखावा तसें हें चाललें होतें.

मग २०१७-१८ चें वर्ष उजाडलें. आरंभालाच अपशकुन झाला. आउग्सबुर्गविरुद्धच्या पहिल्या सामन्यांत निकोलाय म्युलर यानें आठव्या मिनिटाला गोल केला आणि आनंदाच्या भरांत कोपऱ्यांतील निशाणाजवळ गिरकी घेतली. त्या गिरकींत त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि तो कित्येक महिने अंथरुणाला व औषधाला बांधला गेला. तो सामना आपण जिंकला. दुसराही, कलोन येथें, जिंकला आणि एक रात्रभर संघ चक्क पहिल्या क्रमांकावर होता. मुलांनीं वर्तमानपत्रांतील तो तक्ता कापून भिंतीला चिकटविला. नंतर सारें वर्षभर तो भिंतीवर तसाच राहिला. काढावयास कोणाचाच हात धजला नाहीं.

नोव्हेंबरच्या अखेरीस होफेनहाइमवर मिळविलेल्या विजयानंतर ओळीनें पंधरा सामने संघाला एकही जय मिळाला नाहीं. जानेवारींत एक प्रशिक्षक गेला, मार्चमध्यें दुसरा. म्युनिकच्या बायर्न संघानें सहा गोल चढविले. उत्तर जर्मनींतला हिवाळा आधींच कुंद. चार वाजतां अंधार पडे, आणि शनिवारीं रात्रीं आम्ही मान खालीं घालून क्रीडांगणावरून घरीं येत असूं. ओपा वाटेंत एक अक्षर बोलत नसत; दारापाशीं आल्यावर मात्र न चुकतां म्हणत, "पुढच्या वेळीं किती वाजतां निघावयाचें?"

एप्रिलांत क्रिस्तियान टिट्स या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखालीं संघानें शाल्केला ३-२ असें हरविलें आणि सुकल्या फांदीला पालवी फुटावी तशी आशा पुन्हां फुटली. शेवटचा दिवस उजाडला १२ मे २०१८. हांबुर्गानें म्यॉन्शेनग्लाडबाखला हरविलें पाहिजे आणि त्याच वेळीं वोल्फ्सबुर्गानें तळाच्या कलोनकडून हार खाल्ली पाहिजे, एवढी एकच वाट उरली होती. आम्ही पांच जणें ओपांसह तेथें होतों. आपलें काम संघानें चोख केलें : २-१ असा विजय. परंतु थोरल्या वहिनींच्या हातांतील मोबाइल दुसरीच कथा सांगत होता. वोल्फ्सबुर्गानें चार गोल केले होते. जिंकतां जिंकतां आपण बुडत आहों, हें सत्तावन्न हजार माणसांना एकदमच समजलें.

सामना संपण्यास क्षणच उरले असतां एका बाजूच्या टोळक्यानें जळते फटाके आणि धुराच्या नळकांड्या मैदानावर फेंकल्या. काळा धूर दाटला, घोडेस्वार पोलीस आंत आले, सुमारें पाव तास खेळ थांबला. तेव्हां उरलेल्या सर्व बाजूंनीं लोक उठून उभे राहिले आणि त्या टोळक्याकडे हात करून एकच घोष करूं लागले : हांबुर्गचे आम्ही आहों, तुम्ही नव्हेत, असा त्याचा अर्थ. आमचीं मुलें तो घोष बेंबीच्या देंठापासून करीत होतीं. ओपाही करीत होते. आमच्या ओंठांवर मात्र तो क्षणभर अडखळला. पुण्यास जन्मलेल्या, सदाशिव पेठेंत वाढलेल्या माणसांनीं "हांबुर्गचे आम्ही" असें कोणत्या अधिकारानें म्हणावें? पंच मैदानावर परतले, शिटी वाजली आणि हिशेब मिटला : ५४ वर्षें, २६१ दिवस.

घरीं आलों तों आईनें पुण्याहून आणलेल्या हापुसांचा रस काढून ठेविला होता. कोणीही वाटी पुढें केली नाहीं. तिनें एकवार सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहिलें, रस झांकून ठेविला आणि मुकाट्यानें पिठलें ढवळावयास घेतलें. थोड्या वेळानें पिठलें-भाताचें ताट झांकून तिनें नातवाच्या हातीं तळमजल्यावर पाठविलें. "त्या एकट्या माणसाच्या घरीं आज चूल पेटली नसेल," एवढेंच ती म्हणाली. वहिनी दाटल्या कंठानें म्हणाल्या, "आई, तुमचा तो नंदादीप विझला हो!" त्यावर ती उत्तरली, "विझला तर विझला. वात विझली म्हणून देव कांहीं उठून जात नाहीं. पुन्हां लावावयाची."

दुसऱ्या दिवशीं ओपा ताट धुऊन परत द्यावयास वर आले. काल खाल्लें तें काय होतें, असें त्यांनीं विचारलें. पदार्थाचें वर्णन सोपें होतें. पण तें कां पाठविलें, हें जर्मन भाषेंत सांगतांना आमची त्रेधा उडाली. आमच्याकडे दुःखाच्या दिवशीं त्या घरीं चूल पेटत नाहीं, म्हणून शेजारी असें साधें अन्न पाठवितात, असें कसेंबसें सांगितलें. ओपा बराच वेळ गप्प राहिले. मग ताटावरून हात फिरवीत म्हणाले, "असें असेल तर तुमच्याकडेही कोणीतरी पाठवावयास हवें होतें. तुमच्याही घरीं तेंच झालें होतें कीं नाहीं?"

या एका वाक्यानें, आदल्या दिवशीं आमच्या ओंठांवर अडलेल्या घोषाचें उत्तर आम्हांला मिळालें. वर्षानुवर्षें आम्ही त्या शहराला कर देत होतों, त्याची भाषा बोलत होतों, त्याच्या उत्सवांत मिरवत होतों. पण त्यामुळें आम्ही तेथील पाहुणेच होतों. सुतक आम्हांलाही आहे, असें तेथील एका माणसानें आपण होऊन म्हटलें, त्या दिवसापासून आम्ही घरचे झालों.

पुढची कथा थोडक्यांत सांगतों. ३ ऑगस्ट २०१८ रोजीं दुसऱ्या वर्गांतील पहिला सामना शेजारच्या कील शहराच्या संघाशीं झाला. मैदान रिकामें असेल, असें वाटलें होतें. सत्तावन्न हजार लोक हजर होते, आणि आपण ०-३ असे हरलों. संघ वर येईपर्यंत सात वर्षें लोटलीं. एकदां तर नशिबानें क्रूर थट्टाच केली. २०२३ सालीं शेवटच्या दिवशीं झांडहाउझेन येथें आपण वर गेलों असें समजून लोक आनंदानें मैदानावर धांवले, आणि तिकडे हाइडेनहाइमनें अखेरच्या वाढीव मिनिटांत दोन गोल करून ती जागा हिरावून नेली. कोपऱ्यांतलें घड्याळ प्रथम संघाचें वय, म्हणजे १८८७ पासूनचा काळ, दाखवूं लागलें आणि २०१९ सालीं तें काढूनच टाकलें. तरीही गर्दी ओसरली नाहीं. न पडण्याचा अभिमान गेला. उरली ती निखळ माया, आणि मायेला मोजणीचें यंत्र लागत नाहीं. क्रीडांगणाच्या समोरच अल्टोनाची दफनभूमि आहे. तेथें या संघाच्या चाहत्यांसाठीं २००८ पासून वेगळी जागा राखून ठेवलेली आहे. ज्यांना मेल्यावरही मैदानाचा शेजार हवा, त्यांना पहिला वर्ग कोणता आणि दुसरा कोणता, हें कोणीं सांगावें!

१० मे २०२५ रोजीं उल्मवर ६-१ असा विजय मिळवून संघ पुन्हां पहिल्या वर्गांत गेला. मैदानावर माणसांचा समुद्र लोटला. त्यांत कित्येक चेहरे आम्हीं सात वर्षांत एकदांही पाहिले नव्हते. परंतु त्याचें वाईट कशाला वाटावें? लग्नाच्या पंगतीला सारें गांव येतें आणि यावेंच. मांडवाची शोभा त्यानेंच वाढते.

पुण्याचे आप्त अधूनमधून विचारतात, "तुम्ही आतां तिकडचेच झालां का हो?" या प्रश्नांत थोडी थट्टा असते आणि थोडी हुरहूरही असते. आमचें उत्तर असें कीं, माणूस एका गांवाचा झाला म्हणून दुसऱ्याचा उणा होत नाहीं. लेक सासरीं नांदते म्हणून तिचें माहेर तुटत नाहीं. पुण्यांतील वाईट वार्तेनें आमच्या घांसाची चव आजही जाते, आणि हांबुर्गच्या हारीनेंही जाते. मनुष्य कोठला, हें त्याच्या पारपत्रावर लिहिलेलें असेल. पण तो कोणाचा, हें ठरतें तें त्याला सुतक कोणाकोणाचें लागतें यावरून.